डाव्या डोळ्याची केस

भर दुपारी, झेरॉक्सच्या दुकानासमोर, रांगेतल्या आठ-दहा माणसांदेखत त्या अनोळखी माणसाने तिच्याकडे बघून डोळा मारला. आणि वेळही अशी साधली, की विचारू नका. नुकताच तिच्या फोनवर एका जर्नलच्या संपादकांचा निरोप येऊन पडला होता. तिचा लेख परत आला होता, तोही तिसऱ्यांदा. ‘यात नवीन काही आढळले नाही’ एवढं एकच वाक्य, ना शेंडा ना बुडखा. ती फोनकडे बघत स्वतःशीच, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “मेल्यांना नवीन म्हणजे हवंय तरी काय?” तिच्या पुढचा माणूस मागे वळला. तिचा उतरलेला चेहरा बघून तो धीर दिल्यासारखा हसला — आणि त्याचा डावा डोळा झटकन मिटून उघडला.

 ती जी सुटली ती सुटलीच. वय काय, करता काय, शोभतं का हे, घरी कुणी काही शिकवलं नाही का, तीन नकारांचा सगळा राग तिने त्या एका माणसावर काढला. रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. तो बिचारा पांढराफटक पडला आणि त्याने तळहाताने अर्धा चेहरा झाकून घेतला.

“माफ करा,” तो बोटांच्या आडून म्हणाला. “मी मारला नाही हो. तो... आपोआप मिटतो.”

सगळे असंच म्हणतात, असा मागच्या एका काकूंनी परस्पर निकालही देऊन टाकला. पण बोलताना त्याचा हात जरा खाली आला होता आणि तिला दिसलं. ओठ ताणले गेले, की त्याच क्षणी डावी पापणी खाली. ओठ सैल, पापणी वर. तिच्या तोंडाचा पट्टा एकदम बंद पडला.

कारण ती कोण होती? समोरच्या हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट. बाकीचे थेरपिस्ट गुडघे आणि कंबरा बघत, ही चेहरे बघायची. लकव्याने ज्यांचा अर्धा चेहरा पडलाय, त्यांना आरशासमोर बसवून पुन्हा हसायला शिकवणं हेच तिचं काम. सगळं हॉस्पिटल तिला ‘आरसेवाली’ म्हणायचं. आणि या आरसेवालीला हाताच्या अंतरावरचा एक चेहरा ओळखता आला नव्हता. वर भर रस्त्यात तिने त्याचा पाणउतारा केला होता.

“शीळ घाला,” ती एकदम म्हणाली.

“काय?”

“शीळ. माझ्याकडे बघून.”

काकूंचा आ वासला तो वासलेलाच राहिला. मघाशी डोळ्यावरून झाडणारी बाई आता शीळ मागत होती. त्या माणसाने घाबरत ओठांचा चंबू केला, कशीबशी एक फुसकी शीळ वाजली आणि डावा डोळा गच्च मिटला. तिने मान डोलावली, उद्या सकाळी समोरच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर या म्हणून सांगितलं, आणि माफी मागायची राहिली हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

घरी आई दारातच उभी. रोजचा एकच प्रश्न, छापून आलं का गं? लेकीने नाही म्हटलं, की आई त्या न बघितलेल्या संपादकांना चार शेलक्या शब्दांत झोडून काढायची आणि मग जेवायला वाढायची. त्या दिवशीही तसंच झालं. फक्त जेवता जेवता लेक मध्येच हसली, आणि का हसलीस विचारल्यावर काही नाही म्हणाली.

तो खरंच आला. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, दोन गल्ल्या सोडून. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चूळ भरायला गेला आणि पाणी तोंडाच्या एका बाजूने नुसतंच गळून गेलं. अर्धा चेहरा गेला होता. पुढे चेहरा परत आला, पण येताना आतल्या नसांची सगळी गफलत करून आला. पंख्याचं बटण दाबावं आणि दिवा लागावा, तसं ओठ हलवले की डोळा मिटायचा. आणि याचा तर धंदाच असा, की गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसायचं. एकदा एका बाईंना चष्मा घालून देताना हसला, तर त्यांचे यजमान काउंटरवर चढायचेच बाकी राहिले. तेव्हापासून याने हसणंच सोडून दिलं. आता लोक खडूस म्हणत, आणि बहिणीची चिमुरडी तर त्याला रागीट मामाच म्हणायची.

“मग त्या दिवशी कसे हसलात?” तिने विचारलं.

“तुम्ही संपादकांना शिव्या देत होतात ना... राहवलं नाही.”

ती आरसा पुसायला लागली. आरसा स्वच्छच होता.

मग रोज सकाळी तो यायचा. खोली एवढीशी, दोन खुर्च्या, एक आरसा आणि एक खिडकी. बाहेरच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत असायचा, आणि आत ती त्याला सांगत असायची, हळू... अजून हळू... थोडंसंच हसा, आणि डोळा उघडा ठेवा. तो आरशात स्वतःकडे बघायच्याऐवजी आरशातल्या तिच्याकडे बघायचा. स्वतःच्या ओठांकडे बघा म्हणून ती दटावायची. तो म्हणायचा, त्यात बघण्यासारखं काय आहे? यावर फिजिओथेरपीच्या पुस्तकात उत्तर नव्हतं.

एकदा ती त्याची नोंद लिहीत असताना तो म्हणाला, “तुम्ही बारीक अक्षर वाचताना कपाळाला आठ्या घालता. तुम्हाला नंबर आहे.”

“पेशंट तुम्ही आहात.”

“इथे. माझ्या दुकानात या, मग बघू कोण आहे ते.”

त्या खोलीवर मात्र एक संकट घोंगावत होतं. व्यवस्थापनाला तिथे एक नवं मशीन ठेवायचं होतं. माणसांना हसायला शिकवणं याला काय उपचार म्हणायचं का, असं त्यांचं म्हणणं. तिच्या विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, तिच्या बाजूने भांडत होत्या. पण त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं, की तुझं काम एकदा चांगल्या जर्नलमध्ये छापून येऊ दे, मग या खोलीला कुणी हात लावणार नाही. नाहीतर पावसाळा संपला की आरसा गुंडाळायचा. बाहेर बाकावर अर्धे चेहरे पदराने, रुमालाने झाकून बसलेली माणसं तिला रोज दिसत होती. तिच्या जिवाला घोर लागला होता तो त्यांचा.

आणि ही केस तर हातात चालून आलेली. दोन वर्षं जुनं दुखणं, सगळ्यांनी हात टेकलेलं, आणि तरी डोळा हळूहळू ताब्यात येत होता. तिने जीव ओतून लेख लिहिला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, सगळी मोजमापं. चौथ्यांदा लेख पाठवला आणि देवाला हात जोडले.

संपादकांचं उत्तर आलं, ते वाचून ती खुर्चीतच थिजली. उठून मोठ्या मॅडमकडे गेली आणि न बोलता फोन पुढे केला. त्यात लिहिलं होतं, ‘आपला लेख रुग्णाच्या डाव्या डोळ्याविषयी आहे. आपण दोन्ही छायाचित्रांत डोळ्यांवर काळी पट्टी लावली आहे. कृपया डोळा दाखवावा.’

मॅडम हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. ती मात्र लाजेने मेल्याहून मेल्यासारखी उभी. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारायची, ही या लेखांची रीतच. शेकडो लेखांत बघितलेलं, हाताला सवयच पडलेली. आणि ज्या डोळ्यासाठी सगळा खटाटोप, तोच तिने काळा करून पाठवला होता. पट्टी काढली तर चेहरा उघडा पडणार, कुणीही त्याला ओळखणार. त्यासाठी त्याची वेगळी लेखी संमती हवी.

“मी आजच विचारते,” ती म्हणाली.

“तू अजिबात विचारायचं नाहीस,” मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. “तू विचारलंस तर तो संमतीच काय, दुकानही लिहून देईल. ती काय खरी संमती झाली? मी विचारीन. आणि शेवटचं मोजमापही मीच घेणार.”

“म्हणजे काय मॅडम?”

“म्हणजे सगळ्या विभागाला माहीत आहे. तुला आणि त्याला सोडून.”

तिला हे ऐकून असा काही धक्का बसला, की त्या दिवशी तिने एका आजोबांना डाव्याऐवजी उजवा गाल फुगवायला लावला.

त्याने संमतीपत्र घरी नेलं, चार दिवस विचार केला. मॅडमना त्याने एकच गोष्ट विचारली म्हणे, हे छापून आलं तर ती खोली राहील का? मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत. त्याने सही केली. मॅडमनी त्याला बोलतं केलं, हसवलं, शीळ घालायला लावली, सगळं मोजलं. डोळा जागचा हलला नाही. उपचार संपले.

शेवटच्या दिवशी तो खुर्चीतून उठेना. आरशात बघून हसला, पूर्ण, मोकळा. दोन्ही डोळे टक्क उघडे. तिने त्याची नोंदवही मिटून ठेवली.

“काही त्रास झाला तर या,” ती म्हणाली. सगळ्यांना म्हणायची तेच.

“आणि त्रास झाला नाही तर?”

“तर... चांगलंच आहे की.”

तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला ती दाराकडे बघत बसली, आणि स्वतःवरच चिडली. त्यानंतर पंधरवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. आईला वाटलं, जर्नलवाल्यांनी पुन्हा काही कळवलं असेल.

पण जर्नलवाल्यांनी तर चक्क लेख स्वीकारला. संध्याकाळी छपाईआधीची शेवटची प्रत आली. एकदा नजर घाला, सगळं बरोबर असेल तर उद्यापर्यंत मंजुरी कळवा. ती एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. सुंदर छापलं होतं. दोन्ही फोटो उघडे, पट्टी नाही. पहिल्यात मिटलेला डोळा, दुसऱ्यात तो हसणारा, सरळ तिच्याकडे बघणारा चेहरा. ती त्या फोटोवर जरा जास्तच वेळ रेंगाळली. मग शेवटची ओळ. प्रत्येक लेखाखाली असते तशीच, तिनेच लिहून दिलेली.

‘या प्रकरणात लेखिकेचे कोणतेही वैयक्तिक हितसंबंध नाहीत.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. लिहिली तेव्हा ती खरी होती. निदान तिला तसं वाटत होतं. आणि आता? आता ती धडधडीत खोटी होती, आणि उद्या ती स्वतःच्या नावाखाली छापायला निघाली होती. आपलं त्याच्यावर प्रेम आहे हे माणसाला कुठे कळावं, तर लेखाच्या तळटीपेत.

ती पर्स उचलून निघाली. कशाला जातोय हे तिचं तिलाच नीट माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. तो आत फडक्याने काचा पुसत होता. तिला बघून फडकंच त्याच्या हातून खाली पडलं.

“त्रास झाला का काही?” त्याने विचारलं.

“मला... नंबर आहे म्हणाला होतात ना.”

त्याने शटर पुन्हा वर केलं, तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या नाकावर नंबर तपासायची ती जड लोखंडी फ्रेम चढवली. मग समोर बसून एकेक भिंग बदलायला लागला. हे बरं, की हे? हे... की आधीचं? त्याचा चेहरा वीतभर अंतरावर. साबणाचा मंद वास, बाहेर पागोळ्यांची टपटप. त्याची बोटं तिच्या कानामागे फ्रेमची काडी नीट करत होती, आणि तिला समोरचं एकही अक्षर दिसत नव्हतं. यात भिंगांचा काही दोष नव्हता.

“आता कसं दिसतंय?” तो हळूच म्हणाला.

“स्पष्ट,” ती म्हणाली. आणि ती अक्षरांकडे बघत नव्हती.

तो हसला — आणि त्याचा डावा डोळा मिटला.

 फ्रेम ओढून काढत ती ताडकन उठली. पुन्हा? इतक्या लवकर? तिने त्याच्या हनुवटीला धरून चेहरा दिव्याकडे वळवला. गाल फुगवा. दात दाखवा. शीळ घाला. हसा, अजून हसा. तो गोंधळून सांगेल ते करत गेला, आणि डोळा काही मिटेना. पण तिने बघितलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी. लेखात छापून येणार होतं, की आता ओठांबरोबर डोळा मिटत नाही. आणि तो मिटला होता.

ती मटकन खाली बसली. तिने फोन काढला. लेख मागे घ्यायला हवा, ती म्हणाली. आत्ताच. खोली गेली तर जाऊ दे, पण जे खरं नाही ते माझ्या नावाने नाही छापायचं. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले आणि फोनवरची अक्षरं आणखीच पुसट झाली.

“थांबा,” त्याने फोनवर हात ठेवला. त्याचा चेहरा झेरॉक्सच्या रांगेत पडला होता तसाच पांढराफटक. “अहो, थांबा. तो... मी मिटला.”

“म्हणजे?”

“मुद्दाम. मी... डोळा मारला तुम्हाला.”

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. 

“पंधरा दिवस आरशासमोर सराव केला,” तो खाली मान घालून म्हणाला. “आपोआप मिटायचा तेव्हा नको म्हटलं तरी मिटायचा, आता हवा तेव्हा मिटेना. त्या दिवशी तुमची एवढी बोलणी खाल्ली, न केलेल्या गुन्ह्याची. म्हटलं, एकदा करून तरी बघू.”

तिला हसावं की त्याच्या डोक्यात ती लोखंडी फ्रेम घालावी कळेना. ती म्हणाली, तुम्हाला कल्पना आहे का, आत्ता माझा जीव गेला होता. तो म्हणाला, माझाही. मग तिने त्याला पुन्हा हसायला लावलं, नीट खात्री होईपर्यंत. डोळे उघडे. आता मारा. मारला. आता नुसतं हसा. उघडे. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

“तरी लेखात एक ओळ खोटीच आहे,” ती म्हणाली. “शेवटची.” आणि तिने ती वाचून दाखवली.

त्याने मघाशी पडलेलं फडकं उचललं आणि घडी करून काउंटरवर ठेवलं. बाहेर पाऊस थांबला होता.

“ती दुरुस्त करावी लागेल,” तो म्हणाला.

“खात्री आहे?”

“तुम्ही मोजून बघा.” आणि त्याने आपला हात तिच्या पुढे केला. नाडी बेफाम पळत होती. तिने ती मोजलीच नाही, हात तेवढा हातात ठेवला.

सकाळी तिने संपादकांना सगळं खरंखरं कळवलं. उपचार संपल्यानंतरचं, लेख स्वीकारल्यानंतरचं, जे आहे ते. मॅडम म्हणाल्या, यावरून लेख परतही येऊ शकतो हं. ती म्हणाली, माहीत आहे. आठवडाभर तिकडून चकार शब्द नाही. तिची झोप उडाली, तो रोज दुकान बंद करून तिला घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला यायचा, आणि दोघंही त्या विषयावर बोलायचं टाळायचे.

मग एका सकाळी लेख छापूनच आला. मोठ्या मॅडमनी तो व्यवस्थापनाच्या टेबलावर नेऊन ठेवला, आणि त्या संध्याकाळी नव्या मशीनसाठी दुसरी जागा शोधायला माणसं फिरताना दिसली.

घरी आईने चष्मा लावला, मावशीला फोन लावला आणि अख्खा लेख पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतला. एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, पण आवाज असा, की जणू स्वतःच लिहिलाय. लेक शेजारी बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आई वाचत वाचत शेवटच्या ओळीवर आली.

“‘उपचार संपल्यानंतर लेखिका आणि रुग्ण यांच्यात वैयक्तिक संबंध निर्माण झाले आहेत. अंतिम मोजमाप दुसऱ्या तज्ज्ञांनी त्याआधीच केले आहे.’”

आई थांबली. तिने ती ओळ मनात पुन्हा वाचली. फोनवर मावशी हॅलो हॅलो करत होती. आईने फोन हळूच उपडा ठेवला, पान मागे उलटलं आणि फोटोवर बोट ठेवलं.

“हा?”

“हो.”

“अगं, हा तर डोळा मारतोय.”

“नाही गं आई, तो आधीचा फोटो. तेव्हा आपोआप मिटायचा.”

आईने चष्मा वर केला आणि लेकीकडे रोखून बघितलं. “आणि आता?”

“आता...” ती लाजून म्हणाली, “आता मुद्दाम मारतो.”